किरकोळ म्हंजे कितलं

तालुका पानावर एकोणीस वर्षं बसून
मला एवढं कळलंय
की हा शब्द कुठेही बसतो,
एसटीत तिघांच्या बाकड्यावर
जरा सरका म्हणत चौथा बसतो तसा.

सकाळी रावेरहून केळीचा भाव येतो :
घाऊक इतका, किरकोळ तितका.
दुपारी धरणगावकडून
किरकोळ कारणावरून दोन गटांत हाणामारी.
(कारण : पोळ्याला वेशीतून आधी बैल कुणाचा.
ज्यांची डोकी फुटली त्यांना विचारा, किरकोळ का ते.)
किरकोळ प्रकार वगळता मतदान शांततेत.
पुलाला किरकोळ तडे.
मंत्र्यांच्या दौऱ्यात किरकोळ बदल,
म्हणजे चोपड्याला येणार नाहीत.

रात्री नवानंतर महामार्ग बोलायला लागतो.
तीन गंभीर, अकरा किरकोळ.
गंभीरांना नाव, वय, गाव.
किरकोळांना आकडा.
जाहिरात आयत्या वेळी रद्द झाली
तर त्यांनाही नावं मिळतात.

हिलाल भोई, पारोळा, हे नाव
असंच छापून आलं होतं.
दीड महिन्याने तो जळगावच्या ऑफिसात
दोन जिने चढून आला.
रेशनकार्ड ठेवावं तसं
प्लास्टिकच्या पिशवीत आमचं कात्रण.
एरंडोलच्या अलीकडे बँडची मॅटाडोर उलटली होती,
हा क्लॅरनेटवाला.
उजव्या हाताची दोन बोटं
टेबलावर ठेवली त्याने, माझ्या चष्म्याशेजारी.
वाकत नव्हती ती.
लग्नसराई तोंडावर. बँडमास्तर म्हणाला होता,
पेपरात तर किरकोळ लिहिलंय,
नाटकं करू नको.

मी तयार होते, भांडणाला, माफीला,
'बातमी पोलिसांकडून आली' या वाक्याला.
तो भांडला नाही.
दुकानदाराला माप विचारावं तसं विचारलं,
"ताई, किरकोळ म्हंजे कितलं?"

सिव्हिलच्या यादीत दोन रकाने असतात.
ज्याला उचलून आणत नाहीत,
जो स्वतः चालत येतो,
तो दुसऱ्या रकान्यात.
हिलाल चालत आला होता.
तुटलेला भोंगा दुसऱ्या हातात घेऊन
आपण होऊन रांगेत उभा राहिला होता.
हे मी त्याला सांगितलं.
त्याने मान हलवली. बरोबर आहे म्हणाला.
त्यानेच जास्त वाईट वाटलं.

दुरुस्ती छापू, मी म्हटलं.
कागद ओढला, लिहिलं :
'किरकोळ' या शब्दाऐवजी
आणि पुढे पेन थांबलं.
गंभीर नव्हता तो. मध्यम, हे तर तापमानाचं.
तो कागद अजून खणात आहे.

खाली टपरीवर चहा घेतला.
मी पर्स उघडेपर्यंत
डाव्या हाताने, सवय नसलेल्या,
त्याने वीसची नोट पुढे केली.
"ऱ्हाऊ द्या ताई. हाऊ शे किरकोळ."
हसला. मग पारोळ्याच्या गाडीकडे निघाला,
पिशवी काखेत, कात्रण तसंच आत.

काल रात्री सव्वादहाला बडगुजरचा फोन,
फागण्याजवळ काळीपिवळी पलटी,
एक गंभीर, सात किरकोळ, टाका.
मी विचारलं, काय लागलंय त्यांना?
कुणाला?
त्या सातांना.
मॅडम, पान सोडायची वेळ झाली,
किरकोळ म्हटलं ना.
मी काही बोलले नाही. पलीकडून
दवाखान्याच्या फरशीवर बादली सरकल्याचा आवाज आला,
मग चपलांचा.
मग तो, जरा लांबून, कुणाला तरी विचारत होता :
बाबा, तुम्हाला कुठे...

पान अकरा मिनिटं उशिरा गेलं.
तेवढ्यात चारच नावं आली.
उरलेल्या तिघांना मी
किरकोळच लिहिलं.